मूळ फॉर्मवाल्या अक्का

'चालतंय' हा शब्द अक्कांसमोर उच्चारायची सोय नव्हती. आमच्या ऑफिसात तो दिवसातून वीसदा म्हटला जायचा, कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीत, कुणी कन्नडमध्ये. काल बंद पडलेलं काही आज सुरू झालं की माणूस सुटकेनं तेच म्हणणार. अक्का मान वर न करता विचारायच्या, "का चालतंय?" ज्याला ते सांगता यायचं नाही त्याचं काम संपलं असं त्या मानायच्या नाहीत.

"काल बंद होतं, आज चालतंय. मधे काय झालं ते तुला ठाऊक नाही. म्हणजे उद्या परत बंद पडेल आणि तेव्हाही तुला ठाऊक नसेल. बस. शोध."

ऑफिस बंगळुरात राजाजीनगरला होतं, एका शिंप्याच्या दुकानावर. लहान-मध्यम हॉस्पिटलांच्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. तपासण्यांचे रिपोर्ट, रक्तगटाच्या चिठ्ठ्या, रक्तपेढीकडे पाठवायची मागणी, असलं सगळं. ते ब्राउझरमध्ये उघडणारं नव्हतं. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसवावं लागणारं, जुन्या धाटणीचं होतं. नवऱ्याला इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून मी सांगलीहून बंगळुरात आले होते. ऑफिसात मराठी कानावर पडेल अशी अपेक्षाच नव्हती. पहिल्या दिवशी कुणाशी कुठल्या भाषेत बोलावं या विचारात असताना मागून आवाज आला, "सांगलीची काय गे तू? स्वल्प थांब, मी येते."

पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कारण त्या घरून चालत यायच्या. कानावर पेन्सिल. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षं इथलंच. घरात मराठी, पण ती मराठी इथल्या पाण्यावर वाढलेली. 'कोणी केलं' असं न म्हणता त्या 'कोण केलं' म्हणायच्या, 'मी वाट बघितली'च्या ऐवजी 'मी वाट बघितले'. थोड्याला 'स्वल्प', आणि एखादी गोष्ट संपवायची असली की 'सरी'. मालकांपासून खालच्या शिंप्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे.

त्यांची खरी ओळख झाली चौथ्या दिवशी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीसेक फॉर्म होते, म्हणजे पडद्यावर उघडणारे वेगवेगळे तक्ते. ते सगळे एकाच मूळ फॉर्मपासून निघालेले. वरची पट्टी, हॉस्पिटलचं नाव, पेशंटचा नंबर, 'नवीन' आणि 'छापा' ही बटणं हे मूळ फॉर्ममध्ये एकदाच लिहिलेलं. बाकीच्यांना ते वारशानं मिळायचं. हा मूळ फॉर्म एका वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये होता आणि तो अक्कांनी लिहिला होता. माझ्या नव्या मशीनवर चाळीसांतला एकही फॉर्म दुरुस्तीसाठी उघडेना. फॉर्म दिसायच्या जागी नुसती लाल अक्षरं. तीन दिवस मी सगळे उपाय केले. सगळं काढून परत टाकलं, मशीन बंद-चालू केलं, लायब्ररीचा संदर्भ तोडून परत जोडला, इंटरनेटवर अनोळखी लोकांनी सुचवलेलं झाडून सगळं केलं.

अक्का आल्या आणि म्हणाल्या, "उभी राहा. वाच."

"काय वाचू?"

"लाल अक्षरात आहे ते. मोठ्यानं. शेवटच्या ओळीपर्यंत."

मला लाज वाटली. ऑफिसातल्या कुणी वर पाहिलं नाही. त्या प्रत्येकाला असं वाचायला लावतात हे मला नंतर कळलं. मी पहिली ओळ वाचली, तीच मी तीन दिवस वाचत होते. खाली वीस-पंचवीस ओळी होत्या आणि त्यांच्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. अकराव्या ओळीवर अक्कांनी हात वर केला. त्या ओळीत डेटाबेसचं नाव होतं.

"फॉर्म नुसता बघायला उघडतो आपण. त्याला डेटाबेस कशाला पाहिजे?"

मग त्यांनी शेजारी बसून समजावलं. वारशानं आलेला फॉर्म दाखवायचा तर मशीन आधी मूळ फॉर्म खरोखर उभा करतं, त्याचं सुरुवातीचं काम खरोखर चालवतं. आमचा मूळ फॉर्म उठल्याबरोबर डेटाबेसमधून हॉस्पिटलचं नाव वाचायला जायचा. माझ्या मशीनवर डेटाबेसच नव्हता. तो तिथं अडखळायचा आणि त्याच्यामागे चाळीसही. "लायब्ररी चांगली, तुझं मशीन चांगलं. मूळ फॉर्मला आपण अजून घडतोय का कामाला लागलोय तेवढं कळत नाही. हे कोण केलं?" असं म्हणत त्यांनी जुन्या बदलांची यादी उघडली. तिथं त्यांचंच नाव निघालं.

"मीच केले," त्या म्हणाल्या, खुल्या ऑफिसात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. दोन ओळी बदलल्या आणि गेल्या.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. दर सोमवारी सकाळी त्या सगळ्यांच्या मशीनवरच्या तयार झालेल्या फाइली पुसायला लावायच्या आणि सगळं सॉफ्टवेअर नव्यानं बांधायला लावायच्या. पाऊण तास कुणालाच काम करता यायचं नाही. नवे लोक कुरकुरायचे. अक्का त्या वेळात स्वतः खाली जाऊन सगळ्यांसाठी फिल्टर कॉफी सांगून यायच्या. जुनी लायब्ररी कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहते, नव्या फॉर्मला तीच सापडते, आणि आपण भलतीकडेच चूक शोधत बसतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी तऱ्हा पाटीची. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर शाळेतल्यासारखी दगडी पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूनं मूळ लायब्ररीचा नंबर लिहिलेला असायचा. नियम असा की मूळ लायब्ररीत कुणीही काहीही बदललं, अगदी स्वल्पविराम बदलला तरी, तिचा नंबर एकानं वाढवायचा, उठून पाटीपर्यंत जायचं, जुना नंबर पुसायचा आणि नवा लिहायचा. हे कॉम्प्युटरनं आपोआप झालं असतं. एकानं तसं करूनही दाखवलं. अक्का म्हणाल्या, "आपोआप नको. उठून चालत जावं लागतं तेव्हा माणूस विचार करतो."

आणि शोधायची खोड. रोज चारच्या सुमाराला आमच्या मजल्याची वीज जायची. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन वायर बदलून गेला. अक्का तिसऱ्या दिवशी पावणेचारला खाली जाऊन शिंप्याच्या दुकानात स्टुलावर बसल्या. चार वाजता त्यानं दिवसभराचे कपडे इस्त्रीला घेतले, इस्त्रीचं बटण दाबलं, आणि वर आमचे पंखे थांबले. दोन्ही मजले एकाच फ्यूजवर होते. अक्का वर आल्या, कारण सांगितलं, आणि परत कामाला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता.

त्यांचे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. लग्न न करता अक्कांनी वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि टाइपरायटर संपल्यावर तिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकल्या. याहून जास्त त्यांनी स्वतःबद्दल सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. एक इंजिनीअर त्यांच्या प्रश्नांना कंटाळून रडत बाहेर गेली आणि परत आली नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती. चूक कबूल केलेल्या माणसाला त्या पुढे एक शब्द बोलायच्या नाहीत. माझ्या दुसऱ्या महिन्यात मी चाचणीचा अख्खा डेटाबेस पुसला. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरी. कॉफी पिऊन ये. मग दोघी मिळून परत भरू." दोन दिवस त्यांनी माझ्याबरोबर बसून तो भरला. त्यानंतर त्याचा उल्लेख कधीही झाला नाही.

हे आधी सांगून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला भिण्याचं काही कारण नव्हतं हे कळायला हवं.

माझ्या तिसऱ्या वर्षी आम्ही एक साफसफाई काढली. नवीन पेशंट घेतला की आधीच्या पेशंटची माहिती फॉर्मवरून पुसली जायला हवी. हे काम चाळीस फॉर्म आपापलं स्वतंत्र करत होते, आणि दोन-तीन जागी ते अर्धवट होतं. अक्कांना विचारून मी ते प्रत्येक फॉर्ममधून काढलं आणि मूळ फॉर्ममध्ये एकदाच नीट लिहिलं. दोन आठवडे लागले. अक्कांनी सगळं तपासलं. मग शुक्रवारी दुपारी त्या मूळ फॉर्ममध्ये मला आणखी एक बारीकसा बदल करावासा वाटला. तो केला, लायब्ररी बांधली, हॉस्पिटलांना पाठवायच्या संचात टाकली. त्या दोन आठवड्यांतल्या सगळ्या कामाचा नंबर शेवटी एकदाच वाढवू असं मी ठरवलं होतं. शेवटी तो वाढवायचा राहिला. नवऱ्याचा फोन आला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, घर बघायला जायचं होतं. मी पाटीपर्यंत गेले नाही.

नंबर तोच राहिला की काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. संच बसवणारा प्रोग्रॅम आधी नंबर बघतो. हॉस्पिटलच्या मशीनवर त्याच नंबरची लायब्ररी असेल तर नवी टाकत नाही, जुनीच राहू देतो. म्हणजे फॉर्म नवे गेले, ज्यांच्यातून पुसायचं काम मी काढून टाकलं होतं. आणि मूळ फॉर्म जुना राहिला, ज्याला ते काम येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बंगळुराबाहेरच्या आनेकल गावातल्या एका हॉस्पिटलमधून फोन आला, नवा संच पहिल्यांदा तिथंच बसला होता. तिथं लॅबमध्ये एक टेक्निशियन होती, तिशीतली, एकटीच सगळी लॅब बघणारी. सकाळी लागोपाठ दोन पेशंट आले. दुसरी बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता. टेक्निशियननं 'नवीन' दाबलं, तिचं नाव आणि नंबर घातला, घाईत रक्तगट घालायचा राहिला. रक्तगटाची चौकट रिकामी असेल तर आमचं सॉफ्टवेअर चिठ्ठी छापत नसे. तोच तिचा आधार होता. त्या दिवशी चौकट रिकामी नव्हती. आधीच्या माणसाचा रक्तगट तिथंच बसून होता. चिठ्ठी छापली गेली, तिच्यावरून रक्ताची पिशवी आली, वॉर्डात पोचली. पिशवी लावण्यापूर्वी नर्सनं बाळंतिणीचं जुनं कार्ड काढून पाहिलं, म्हणून थांबलं. बरोबर रक्त येईपर्यंत जो वेळ गेला त्यात ती बाई फार खालावली. वाचली. पण हॉस्पिटलनं टेक्निशियनला त्याच दिवशी घरी बसवलं आणि आम्हाला लेखी खुलासा मागितला.

शनिवारी सकाळी अक्का आणि मी बसनं आनेकलला गेलो. अक्कांनी टॅक्सी नको म्हटलं. वाटेत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. लॅबमध्ये दुसऱ्या हॉस्पिटलमधून तात्पुरता आणलेला एक माणूस काम करत होता, त्यानं आम्हाला खुर्ची दिली. अक्कांनी लायब्ररीची फाइल शोधली आणि तिची माहिती पडद्यावर उघडली. मग खुर्ची मागे सरकवून उठल्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी फाइलचं नाव वाचलं. नंबर वाचला. तोच होता, आमच्या पाटीवर होता तो. मग तारीख वाचली. तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

"परत वाच."

मी परत वाचली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबर आणलेली नवी लायब्ररी त्यांनी तिथं टाकली, दहा वेळा नवीन पेशंट घेऊन पाहिला, दहाही वेळा चौकट रिकामी झाली. मग त्या तात्पुरत्या माणसाला म्हणाल्या, की इथं काम करणाऱ्या बाईंचा पत्ता द्या. त्यानं दिला. त्या मला म्हणाल्या, "तू बसनं पुढं जा. मला इथं स्वल्प काम आहे."

मी एकटी परत आले.

सोमवारी मालकांनी आम्हाला बोलावलं. मालक वाईट नव्हते. त्यांच्याकडे वीस माणसं कामाला होती आणि आणखी हॉस्पिटलांत ही बातमी गेली तर काय होईल याची त्यांना काळजी होती. ते म्हणाले, "अक्का, रक्तगट तपासून भरायची जबाबदारी टेक्निशियनचीच असते ना? चौकट भरलेली दिसली तर तिनं बघायला नको होतं? आपण तेवढंच लिहू."

अक्का म्हणाल्या, "मी अजून शोधतेय. बुधवारी सांगते."

त्यांना शोधायचं काहीच उरलं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. सोमवारी दिवसभर त्या आपल्या जागी बसून राहिल्या, मंगळवारीही. मी माझ्या जागी. दोघींच्यामध्ये चार टेबलं. मी कितीदा उठले आणि पाणी पिऊन परत आले. मनाशी वाक्य तयार करायची: अक्का, नंबर मी वाढवला नाही. एवढंच वाक्य. मग वाटायचं, डेटाबेस पुसणं वेगळं, इथं एक बाई मरता मरता वाचली आहे. पोलीस येतील का? हेब्बाळच्या घराचं नुकतंच ठरलं होतं. नवऱ्यालाही मी काही सांगितलं नव्हतं. मला आनेकलच्या त्या टेक्निशियनची आठवण येत नव्हती असं नाही. यायची, आणि मी ती बाजूला सारायची.

बुधवारी दुपारी अक्कांनी खुलासा लिहिला. एक पान, कन्नडमध्ये, कारण हॉस्पिटलचे लोक कन्नडमध्ये वाचणार होते. मालकांनी तो मला वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला. अक्कांनी लिहिलं होतं: मूळ लायब्ररी माझी आहे, तिच्यात बदल झाला पण नंबर वाढला नाही, त्यामुळे जुनी लायब्ररी तुमच्याकडे राहिली आणि रक्तगटाची चौकट पुसली गेली नाही. तुमच्या टेक्निशियनचा यात दोष नाही. दोष माझा आहे. खाली सही.

मालकांनी त्यांना पुष्कळ समजावलं. शब्द जरा सौम्य करा, 'तांत्रिक अडचण' म्हणा. अक्का म्हणाल्या, "तांत्रिक अडचण म्हणजे काय ते मला कन्नडमध्ये सांगा, मी लिहिते." मालक चिडले. अक्कांनी तो खुलासा स्वतः नेऊन दिला. टेक्निशियनला कामावर परत घेतलं, एकूण अकरा दिवसांनी. मालकांनी मूळ लायब्ररी अक्कांच्या हातून काढून माझ्याकडे सोपवली. निवृत्तीला तीन वर्षं असताना अक्कांनी राजीनामा दिला.

महिनाभर त्यांनी मला सगळं शिकवलं. मूळ फॉर्ममधली ओळ न् ओळ, कुठली ओळ कुठल्या हॉस्पिटलसाठी आणि का. कामापलीकडे एक शब्द नाही. शेवटच्या दिवशी दुपारी त्या पिशवी भरत होत्या तेव्हा मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"अक्का, तो नंबर..."

"तीन दिवस मी वाट बघितले," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "सोमवारी वाटलं, आज बोलेल. मंगळवारी वाटलं, घरी विचारून आली असेल, आज बोलेल. बुधवारी त्या मुलीला घरी बसून सहावा दिवस लागला. मग मी लिहिले."

"पण तुम्ही स्वतःच्या नावावर का..."

"मूळ फॉर्म माझा होता, म्हणून माझं नाव लिहिले. ते खोटं नव्हे. तुझं नाव लिहायचं काम तुझं होतं. ते मी कसं करू?"

पिशवी खांद्याला लावून त्या जिन्यावरून खाली गेल्या. मी वरच उभी होते.

त्यानंतर वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत लागले, वर चढत गेले, हाताखाली माणसं आली. राजाजीनगरला जायचं मी टाळायची. सहा वर्षं टाळलं. मग या वर्षी आमच्या एका बैठकीत, मोठ्या साहेबांसमोर, माझा एक सहकारी उभा राहिला आणि म्हणाला, "ही चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही." त्याला ते बोलायला अर्धं मिनिट लागलं. लोकांनी माना हलवल्या आणि पुढचा विषय निघाला. मी मात्र तिथं बसू शकले नाही. बाहेर येऊन जुन्या ऑफिसातल्या एकाला फोन केला आणि अक्कांचा पत्ता विचारला.

अक्का राजाजीनगरच्या त्याच घरात होत्या. मधे एक झटका येऊन गेला होता, डावा हात काम करत नव्हता. धाकटी बहीण त्यांच्याजवळ राहायला आली होती. अक्का खिडकीजवळ पलंगावर बसून होत्या. त्यांनी मला ओळखलं. बहिणीनं पाणी आणून दिलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जे त्यांना आधीपासून माहीत होतं. शुक्रवारची दुपार, फोन, पाटीपर्यंत न जाणं, ते तीन दिवस.

त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? मला ठाऊक आहे. अकरा दिवस मी नव्हते घरी बसले."

मी दुसऱ्याच दिवशी रजा काढून आनेकलला गेले.

ती टेक्निशियन अजून तिथंच होती. आता लॅबमध्ये चार माणसं होती आणि ती त्यांची प्रमुख. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, मधे हिंदी आली. तिनं मला बोलू दिलं आणि मग मान हलवली.

"नाही. ती चूक त्या अक्कांची होती. त्या घरी आल्या होत्या माझ्या. सासूसासरे समोर बसले होते, त्यांच्यासमोर त्यांनी सांगितलं, तुमच्या सुनेची चूक नाही, माझी आहे. त्यांची तब्येत बरी नाही असं ऐकलं मी. तुम्हाला त्यांच्याबद्दल वाटतं म्हणून तुम्ही हे म्हणताय."

मी म्हटलं, तसं नाही. लायब्ररी, नंबर, सगळं समजावायचा प्रयत्न केला. तिला ते पटेना. पटण्यासारखं त्यात तिच्यासाठी काही नव्हतंच. तिचा फोन वाजला, तिनं तो बंद केला. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही घरी बसला आहात हे मला माहीत होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस मी ऑफिसात बसून होते आणि बोलले नाही."

यावर ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. हे तिला कळलं होतं.

तिनं बंद केलेला फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "त्या अकरा दिवसांत माझी मुलगी शाळेत गेली नाही. बाकीच्या मुली म्हणायच्या, तुझ्या आईनं बाईला मारलं." तिचा आवाज चढला नव्हता. आत कुणीतरी तपासणीसाठी रक्त द्यायला आलं. ती उठली, हातमोजे चढवले, म्हणाली, "मला काम आहे." दारापाशी थांबून वळली. "तुम्ही आलात हे मी मुलीला सांगेन. ती आता कॉलेजात आहे. पुढचं तिचं तिला ठरवू दे."

दारामागे तिचा आवाज ऐकू आला, कुणाला तरी ती हात पुढे करायला सांगत होती. मी बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसले आणि निघाले.

परतताना मी थेट राजाजीनगरला गेले. दुपारचे चार वाजले होते. अक्का तशाच खिडकीजवळ. मी दारात उभी राहून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही, हेही सांगितलं. मुलीचं सांगितलं. ते ऐकून अक्कांनी डोळे मिटले. त्यांना ते माहीत नव्हतं.

मग त्यांनी उजव्या हातानं पलंगावरची चादर सरळ केली आणि थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "सांगलीला कोण कोण असतं तुझं? मी कधी विचारलेच नाही."